तार, ट्रंककॉल आणि रोमिंग



लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला नाहीतर जर्मनीला निघालेली आई आता आपल्या जिल्ह्यात नवलाची राहिलेली नाही. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, कुठेही विचारा, चार घरं सोडून एक तरी सापडेल. डिंकाचे लाडू होतात, मेतकुटाची पुडी बांधली जाते, पासपोर्ट दहादा तपासला जातो, आणि शेवटी प्रश्न येतो, "माझा फोन तिकडे चालेल का गं?"

हा प्रश्न फोनपेक्षा जुना आहे. परदेशी गेलेल्या माणसाचा शब्द घरी कसा पोचायचा, आणि वाटेत तो कुणाकुणाच्या हातातून, कानातून जायचा, याची गोष्ट आज सांगते. त्यातलं बरंच काही आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर घडलेलं आहे.

सुरुवात उलट बाजूने करू, म्हणजे परदेशातून आपल्याकडे आलेल्या बाईपासून. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई 1827 साली मुंबईत आली आणि 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. सावित्रीबाई फुल्यांनी नगरला तिच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतले, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या काळी बोटी आफ्रिकेला वळसा घालून येत. पत्र लिहायचं आणि उत्तराची वाट पाहण्यात वर्ष घालवायचं! शिवाय मिशनच्या लोकांची पत्रं बोस्टनच्या 'मिशनरी हेरल्ड' मासिकात छापली जात. म्हणजे नगरहून लिहिलेलं मनोगत तिकडे शेकडो अनोळखी माणसं वाचणार, हे धरूनच लिहायचं. फरारबाई 1862 साली नगरलाच वारल्या.

आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. तोवर सुएझ कालवा झाला होता, आगबोटी होत्या, तरी पत्राला आठवड्यांवर आठवडे लागत. अठरा वर्षांची मुलगी, परका देश, शाकाहारी जेवणाचे हाल, थंडी, आणि नवऱ्याचं रागाचं पत्र हाती पडेपर्यंत ते भांडण इकडे कदाचित मिटलेलंही असायचं. उत्तर पोचेपर्यंत पुन्हा महिना. त्यांचं चरित्र लिहिताना काशीबाई कानिटकरांनी याच पत्रांचा आधार घेतला, म्हणून ती मुलगी आपल्याला कळली. पण ती पत्रं सगळ्यांनी वाचावीत असं तिला वाटलं असतं का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

1870 मध्ये समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलने मुंबई थेट लंडनशी जोडली गेली होती. बातमी काही तासांत पोचू लागली. पण तारेला शब्दागणिक पैसे, आणि समुद्रापारच्या तारेचा दर तर सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा. खुशाली कोण कळवणार तारेने? तार यायची ती बहुधा मरणाची. म्हणून तारवाला दारात दिसला की आपल्या आज्या मजकूर न वाचताच हंबरडा फोडायच्या.

आता आपल्या वेशीवर येऊ. श्रीगोंद्याकडच्या बायकांना दौंड म्हणजे भीमा ओलांडली की आलंच. 1927 मध्ये इंग्लंड आणि भारत यांच्यात 'बीम' बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश पाठवण्याचं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि घेण्याचं दौंडला. दोन केंद्रं लांब का ठेवली? शेजारीच कुणी ओरडत असेल तर लांबून आलेली हळू हाक ऐकू येत नाही, तसंच हे. इंग्लंडातल्या ग्रिम्सबीहून निघालेले संकेत दौंडच्या माळावर उतरत. काष्टीच्या बाजारला बैल घेऊन जाणाऱ्यांना पलीकडच्या त्या उंच खांबांचा अर्थ कुणी सांगितला असेल का?

1933 मध्ये मुंबई-लंडन रेडिओ टेलिफोन सुरू झाला, पण तो साहेबांचा आणि शेटजींचा. दुसरी वेस जुन्नरच्या बाजूची. नारायणगावजवळ आर्वीला 1971 च्या फेब्रुवारीत उपग्रहाशी बोलणारं केंद्र सुरू झालं. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. (खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या निराळ्या, त्या नंतरच्या. बरेच जण गल्लत करतात.) परदेशी फोन आता आकाशमार्गे येऊ लागला. 1976 मध्ये मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवता येऊ लागला. तोवर ट्रंककॉल बुक करायचा आणि बसून राहायचं, मधली ऑपरेटर "बोला, बोला" म्हणेपर्यंत.

पण खेड्यातल्या बाईला परदेशाशी बोलायला मिळालं ते पिवळ्या पाटीच्या एसटीडी-आयएसडी बूथमुळे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात हे बूथ बसस्टँडवर, दवाखान्यासमोर, किराणा दुकानाच्या कोपऱ्यात उभे राहिले. काचेची पेटी, आत स्टूल, समोर लाल आकड्यांचा मीटर. बोलताना नजर त्या आकड्यांवर. "बरी आहेस ना? जेवतेस ना? ठेवते," एवढंच. सासरी लेकीला काही त्रास असला तरी ती सांगणार कशी? इकडे आईच्या मागे रांग, बूथवाला ओळखीचा, आणि तिकडे फोन दिवाणखान्यात, सगळ्यांच्या मध्ये. 'नाही गं, सगळं छान आहे' या वाक्याचा सूर आया तेव्हा कानांनी तोलायच्या.

मग मोबाईल आला. भारतातला पहिला मोबाईल कॉल 31 जुलै 1995 चा, कलकत्ता ते दिल्ली. रोमिंगची युक्ती तशी सोपी. तुमचा फोन परक्या देशात उघडला की तिथली कंपनी तुमच्या इथल्या कंपनीला विचारते, "ही बाई तुमची का?" हो आलं की जोडणी मिळते आणि वापराचं बिल तुमच्या कंपनीकडे येतं, तिथून तुमच्याकडे. पॅक न घेता डेटा चालू राहिला तर फोन पर्समध्ये पडल्या पडल्या फोटो, अपडेट खेचत राहतो आणि हजारोंचं बिल होतं. म्हणून विमानात बसण्याआधीच डेटा रोमिंग बंद करा. तिकडे वायफायवर व्हॉट्सअॅप चालतं आणि तिथलं सिम घातलं तरी व्हॉट्सअॅपचा नंबर आपलाच राहतो. दुबईकडे जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, तिथे व्हॉट्सअॅपचे मेसेज जातात, कॉल लागत नाहीत.

एवढं स्वस्त झालं, तरी एक गोष्ट मला खटकते. सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईचं भारतातलं सिम काढून डबीत ठेवलं जातं. "तुम्हाला काय करायचंय, माझ्या फोनवरून बोला," असं जावई प्रेमाने म्हणतो. पण तिच्या बँकेचा, पेन्शनचा ओटीपी त्या डबीतल्या नंबरवर येतो. लेकीबद्दल नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर फोन पुन्हा जावयाचाच. बूथच्या काचेच्या पेटीत उभं राहण्यासारखंच झालं की हे!

दोन सिमचा फोन असेल तर आपलं सिम आत राहू द्या. नंबर प्रीपेड असेल तर निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि परतेपर्यंत पुरेल असा रिचार्ज मारा. बहुतेक ठिकाणी येणाऱ्या मेसेजला पैसे पडत नाहीत, कॉल उचलला तर पडतात. आणि हे सगळं करायला दुकानात जाल तेव्हा आणखी एक विचारून घ्या. तुमचं सिम कुणाच्या नावावर आहे? नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर निघालं, तर आधारकार्ड घेऊन त्याच्यासोबत जा आणि ते आपल्या नावावर करून घ्या.