आई-वडिलांच्या नावांतून बाळाचे नाव

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी असो वा मुंबईसारखे महानगर, मराठी घरात बारशाचे महत्त्व कायम आहे. बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालून आत्या त्याच्या कानात नाव सांगते. जन्मनक्षत्राचे आद्याक्षर किंवा आजी-आजोबांचे नाव पाहण्याच्या जुन्या रीतीबरोबरच आता आई-वडिलांच्या नावांतील अक्षरे जुळवून नवे नाव घडविण्याची हौसही दिसते.

आई-वडिलांवरून ओळख सांगण्याची परंपरा प्राचीन आहे. पृथेचा पुत्र पार्थ, दशरथाचा दाशरथी. सातवाहन राजांनी तर गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृनामे अभिमानाने धारण केली. दोघांच्या नावांचा संयोग साधणाऱ्या नावांमध्ये आदित्य चोप्रा व राणी मुखर्जी यांच्या २०१५ मध्ये जन्मलेल्या कन्येचे ‘आदिरा’ हे नाव परिचित आहे.

नाव घडविण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली अक्षरांची: सचिन व मीरा यांतून समीर (वारा), आनंद व रोहिणी यांतून आरोही, विकास व कविता यांतून सविता (सूर्य). दुसरी अर्थाची: सागर व सरिता यांच्या कन्येला ऊर्मी, म्हणजे लाट, हे नाव शोभते. केवळ अक्षरे जोडल्यास निरर्थक शब्द तयार होण्याचा संभव असतो. म्हणून अर्थ शब्दकोशात पाहावा, नाव मोठ्याने उच्चारून पाहावे आणि आडनावासह ते कसे वाटते हेही तपासावे.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्रात ठरविण्यात आला. आई-वडील दोघेही पूर्ण नावात आधीच असल्याने अक्षरे ओढूनताणून जुळविण्याचे कारण उरत नाही.

जन्माची नोंद २१ दिवसांत, जेथे जन्म झाला तेथील निबंधकाकडे होते. काष्टीच्या मातेची प्रसूती दौंडला झाल्यास नोंदही दौंडलाच होते. नाव ठरले नसेल तर नोंद नावाविना करता येते. बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क व त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. त्यामुळे घाई नको. मात्र नवे नाव प्रत्येक जण वेगळे लिहितो; ऱ्हस्व-दीर्घ व इंग्रजी अक्षरे आधीच निश्चित करून जन्मदाखला, आधार व शाळेत तीच ठेवावीत. पुढे नावबदलासाठी राजपत्राचा खटाटोप मुलालाच करावा लागतो.