धुराडे आणि कचेरी : गिरणगावातील ऊर्जावापराचा एक विचार

परळ, लोअर परळ आणि लालबाग या भागांत आज ज्या उंच कचेऱ्या दिसतात, त्यांतील अनेक कापडगिरण्यांच्या जमिनीवर उभ्या आहेत. या स्थित्यंतराचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे : कामगारांची परवड आणि जमिनीचे मोल. ऊर्जेच्या अंगाने तो क्वचितच झाला. गिरणीला धुराडे होते, कचेरीला ते नाही. म्हणून गिरण्यांबरोबर धूरही गेला, असा समज सहज रूढ होतो. वस्तुतः धूर नाहीसा झाला नाही. इंधन जाळण्याची जागा आणि शक्ती वापरण्याची जागा यांची फारकत झाली, इतकेच. ही फारकत कचेऱ्यांनी घडविलेली नसून गिरण्यांच्या ऐन भरभराटीच्या काळातच तिचा आरंभ झाला, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापिलेल्या कंपनीची गिरणी ताडदेव येथे 1856 मध्ये चालू झाली. ती व तिच्यामागून आलेल्या गिरण्या वाफेवर चालत, आणि वाफेसाठी कोळसा गिरणीच्या आवारातच जळे. शक्तीचा लाभ व तिचा उपद्रव ही दोन्ही एकाच वस्तीत नांदत होती. प्रकाशासाठी मात्र गिरणी सूर्यावर अवलंबून होती. करवतीच्या दात्यांसारखी छपरे बांधून त्यांच्या उत्तरेकडील तावदानांतून सौम्य उजेड आत घेण्याची पद्धत त्यासाठीच होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 साली कामगारांनी जे निवेदन केले, त्यात सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम असावे, अशी मागणी होती. कामाच्या दिवसाची मर्यादा सूर्याने आखावी, हीच त्या मागणीमागील कल्पना होय.

ही मर्यादा कृत्रिम प्रकाशाने मोडली. शहरातील काही रस्त्यांवर 1865 साली गॅसचे दिवे लागले होते; लालबागमधील ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव त्या उद्योगाची खूण होय. गिरण्यांत 1905 च्या सुमारास विजेचे दिवे आले, आणि सूर्यास्तानंतरही यंत्रे चालू ठेवणे मालकांना सुलभ झाले. कामाचा दिवस तेरा-चौदा तासांच्याही पुढे गेला. त्याविरुद्ध असंतोष वाढला, 1907 साली चौकशी आयोग नेमला गेला आणि 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. ऊर्जेचे नवे साधन आले की वेळेचे व श्रमाचे जुने करार ढळतात, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

याच सुमारास टाटांची जलविद्युत् योजना आकारास येत होती. 1911 साली लोणावळ्यास तिची पायाभरणी झाली. 1915 साली खोपोलीची वीज मुंबईस आली व गिरण्या तिच्या प्रमुख ग्राहक ठरल्या. पुढे भिवपुरी व भिरा येथील केंद्रांची भर पडली. मुंबईच्या आकाशातील धूर त्यामुळे काही अंशी उणावला, हे निःसंशय. परंतु भिरा केंद्रासाठी मुळशीचे खोरे पाण्याखाली गेले. 1921 साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह हा त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांचा लढा होता. परळच्या यंत्रासाठी मावळातील भात-खाचरे बुडावी, आणि ती बुडताना परळला दिसूही नयेत, असा हा नवा संबंध होता. वीज ज्या तारेने येते, त्या तारेने तिची किंमत येत नाही. 1956 साली ट्रॉम्बे येथे औष्णिक केंद्र सुरू झाल्यावर धूर शहराच्या पूर्व कडेस गेला. वीजजाळे देशभर पसरल्यावर तो त्याहून दूर गेला.

कचेऱ्यांचा इतिहास याला समांतर आहे. कोट भागातील 1874 चे जुने सचिवालय समुद्राकडील वारा व खोल व्हरांडे यांच्या आधारे थंड राहील, अशा बेताने बांधलेले होते. त्या काळातील कचेऱ्यांत पंखा ओढण्यास माणूस असे. म्हणजे तेथील ऊर्जा स्नायूंची होती. पुढे विजेचा पंखा आला, नंतर वातानुकूलन आले, आणि इमारतीच्या घडणीने जे काम करावयाचे ते यंत्राकडे गेले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा विकास खुला केला. 2001 साली त्या नियमात बदल झाला आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. ज्युपिटर गिरणीची जागा 2005 साली विकली गेली व तेथे कचेऱ्यांचे मनोरे आले.

गिरणी आणि कचेरी यांत एक लक्षणीय साम्य व एक विरोध आहे. दोघींनाही आतली हवा बाहेरच्याहून निराळी हवी असते. सूत तुटू नये म्हणून गिरणी हवेत ओलावा सोडी. कचेरी तोच ओलावा वीज खर्चून काढून टाकते. उलट, गिरणीने छपरातून केवळ उजेड घेतला आणि ऊन टाळले. काचेने मढविलेली कचेरी उजेडाबरोबर ऊनही आत घेते, ते निवारण्यासाठी यंत्र लावते आणि पुष्कळदा पडदे ओढून दिवेही लावते.

आता मापनाकडे वळू. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2009 साली कचेऱ्यांसाठी तारांकन योजना सुरू केली. तिच्यातील एकक म्हणजे दर चौरस मीटरमागे वर्षाकाठी लागणारी युनिटे. उष्ण-दमट प्रदेशासाठी ठरविलेल्या मूळ श्रेणींत, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या इमारतीस 200 ते 175 युनिटांना एक तारा व 100 च्या आत पाच तारे होते. निम्म्याहून कमी भाग वातानुकूलित असल्यास 85 ते 75 ला एक तारा व 45 च्या आत पाच तारे. म्हणजे 95 युनिटे वापरणारी इमारत पंचतारांकित, तर 80 वापरणारी एकतारांकित. दोन्ही वर्गांतील कामाचे तास व माणसांची दाटी सारखी नसते, म्हणून ही तुलना सरळ करता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही तारा हे सापेक्ष विशेषण आहे. ते आपल्या वर्गातील स्थान सांगते. एकूण भार सांगत नाही.

हा भेद हिशेबाने स्पष्ट होतो. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटामागे अलीकडच्या वर्षांत सुमारे 0.7 किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. 50,000 चौरस मीटरांची एक कल्पित कचेरी दर चौरस मीटरमागे 200 युनिटे वापरीत असेल, तर वर्षाला एक कोटी युनिटे व 7,000 टन वायू होतो. वापर 100 वर आणला तर 3,500 टन. परंतु त्याच जमिनीवर दुप्पट क्षेत्रफळ बांधले की आकडा पुन्हा 7,000 वर येतो. बैठ्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहत असताना हा गुणाकार विसरून चालणार नाही.

मुंबई महानगरपालिकेने मार्च 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वातावरण कृती आराखड्यात 2019 सालचे शहराचे उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन धरले आहे. त्यापैकी 72 टक्के इमारतींतील व अन्य स्थिर ऊर्जावापराचे, 20 टक्के वाहतुकीचे आणि उरलेले कचऱ्याचे आहे. 2050 पर्यंत निव्वळ शून्याचे उद्दिष्टही तेथे सांगितले आहे. धुराडी पडली तरी हा आकडा उरला, यावरूनच प्रश्नाचे स्वरूप कळते. नवीकरणीय विजेचा वाटा वाढल्यास तो घटेल. पण खोपोली-मुळशीचा इतिहास असा की, स्वच्छ विजेलाही कोठेतरी जमीन लागते आणि त्या जमिनीवर कोणीतरी राहत असते.

म्हणून मोठ्या कचेऱ्यांच्या अभ्यासात दर चौरस मीटरच्या आकड्याबरोबर इमारतीचा एकूण वापर, दर माणशी वापर आणि विजेचे उगमस्थान ही तिन्ही मांडणे अगत्याचे आहे. फिनिक्स गिरणीच्या आवारात धुराडे अजून उभे आहे. वस्तीला पूर्वी धुराड्याकडे नुसती मान वर करून गिरणी चालू आहे की बंद, हे कळत असे. कचेरीच्या बाबतीत ती सोय उरलेली नाही. तेथे हिशेब मागावा लागतो, आणि तो जाहीर असावा लागतो.