इजाजत, परवाना आणि शाळेतला संगणक

बिदरच्या महमूद गवानच्या मदरशासमोर उभं राहिलं की आधी नजर जाते ती मिनारावरच्या निळ्या फरशांकडे. इराणच्या गिलान प्रांतातून आलेला हा व्यापारी बहमनी राज्याचा वजीर झाला आणि 1472 साली त्याने हा मदरसा उभा केला. तिथल्या ग्रंथालयात सुमारे 3,000 हस्तलिखितं होती, असं इतिहासकार सांगतात. आपल्याकडे या वास्तूबद्दल भरपूर लिहिलं जातं. फोटो फिरतात, अभिमान व्यक्त होतो. पण ही हस्तलिखितं तयार कशी होत, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

ती नकलून तयार होत. बगदादमध्ये नवव्या शतकापासून ‘वर्राक’ नावाचा पेशा भरभराटीला आला होता. वर्राक कागद विकत, ग्रंथांच्या नकला करत आणि ग्रंथही विकत. विद्यार्थी उस्तादासमोर बसून ग्रंथ वाचत असे, चुका दुरुस्त करून घेत असे आणि मग उस्ताद त्याला ‘इजाजा’ देत असे. इजाजा म्हणजे तो ग्रंथ पुढे शिकवण्याची परवानगी. त्यात कुणी कुणाकडून ऐकलं, याची साखळीही लिहिलेली असे. म्हणजे नक्कल करणं गुन्हा नव्हता, तीच शिक्षणाची रीत होती. अट एवढीच, की मूळ कुणाचं ते लपवायचं नाही. अल-ख्वारिझ्मीचं गणित याच रीतीने पसरलं, बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेलं आणि त्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द जगाला मिळाला.

हे आठवायचं कारण साधं आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत कार्यक्रमासाठी गेलो होतो. देणगीदारांच्या पैशांतून उभी राहिलेली संगणक खोली होती, दारावर नावाची पाटी होती आणि कुलूप होतं. शिक्षक म्हणाले, सॉफ्टवेअरच्या परवान्याची मुदत संपली, नूतनीकरणाला पैसे नाहीत. संगणक धडधाकट होते. मुलं खिडकीतून आत बघत होती.

‘परवाना’ या एका शब्दावर ती खोली बंद पडली होती. म्हणून या परवान्याचा इतिहास थोडा बघू.

कासवापासून सुरुवात

मुलांनी संगणक वापरून शिकावं, ही कल्पना 1967 सालची. अमेरिकेत वॉली फॉइरझाइग, सेमूर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ नावाची भाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आलं. ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञा दिल्या की ते चालत रेषा काढी. चौकोन काढायचा तर कासवाला चार वेळा 90 अंशांत वळवावं लागतं, हे मूल स्वतः शोधून काढी. पेपर्टचं म्हणणं होतं की मुलाने संगणकाला शिकवावं, संगणकाने मुलाला नव्हे.

पण 1980च्या दशकात सॉफ्टवेअर ही बंद डब्यात विकायची वस्तू झाली. कोड बघायचा नाही, बदलायचा नाही, शेजाऱ्याला द्यायचा नाही. याविरुद्ध रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला आणि 1989 साली ‘जीपीएल’ हा परवाना आणला. या परवान्याने बाजी उलटवली. सॉफ्टवेअर कशासाठीही वापरा, आतून वाचा, बदला, वाटा. फक्त पुढच्यालाही हेच हक्क द्या आणि मूळ लेखकाचं नाव पुसू नका. मला यात इजाजा दिसतो. दोन्हींची तंतोतंत तुलना होणार नाही. इजाजा व्यक्तीला मिळे, उस्ताद पारखून देई, जीपीएल मात्र कुणालाही मिळतो. पण ज्ञान पुढच्याच्या हातात देण्यासाठीच असतं, हा दोन्हींचा पाया एकच.

या पायावर शिक्षकांनी आणि पालकांनी सॉफ्टवेअर लिहिलं. फ्रान्सच्या ब्रुनो कूदुआं यांनी 2000 साली लहान मुलांसाठी ‘जीकॉम्प्री’ सुरू केलं. फ्रेंच उच्चारात या नावाचा अर्थ ‘मला समजलं’ असा होतो. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी भूमितीचं ‘जिओजेब्रा’ केलं. 2002 साली मार्टिन दुजियामास यांनी ऑस्ट्रेलियातून ‘मूडल’ दिलं.

केरळने काय केलं

आपल्या देशात ही गोष्ट सर्वांत गांभीर्याने घेतली ती केरळने. 2001 साली तिथे ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला शाळांत कंपनीचंच सॉफ्टवेअर होतं. सरकारी शाळेतली मुलं एकाच कंपनीची गिऱ्हाइकं का व्हावीत, असा सवाल मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते आणि शिक्षक संघटनांनी लावून धरला. दहावीच्या परीक्षेत माहिती तंत्रज्ञान हा विषय आला, 2006 नंतरच्या अच्युतानंदन सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला उघड पाठिंबा दिला आणि काही वर्षांत शाळा पूर्णपणे लिनक्सवर आल्या. अभ्यासक्रमाला लागणारी साधनं आधीच घालून तयार केलेली लिनक्सची आवृत्ती शाळांना मिळाली. तीच सीडी शिक्षक घरी नेऊ शकत होता, मुलांनाही देऊ शकत होता. 2019 साली 2 लाखांहून अधिक संगणकांसाठी नवी आवृत्ती आली, तेव्हा परवान्यांचे 3,000 कोटी रुपये वाचल्याचं तिथल्या सरकारी यंत्रणेने सांगितलं.

पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलं मल्याळम वाचणार तर पडद्यावर मल्याळम नीट दिसायला हवी. त्यासाठी तिथे स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. त्यांनी वापरलेले ‘रचना’ आणि ‘मीरा’ हे मुक्त फॉन्ट के. एच. हुसेन यांनी घडवले. केरळच्या वन संशोधन संस्थेत काम करणारा हा माणूस आपल्या मातृभाषेची अक्षरं घडवतो आणि सर्वांना देऊन टाकतो. मुस्लिमांची भाषा कुठली, या आपल्याकडच्या जुन्या वादाला हे न बोलता दिलेलं उत्तर आहे.

खैराटचा धडा

महाराष्ट्रातही एक प्रयोग झाला. 2007 साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यात, एकशिक्षकी शाळेत, ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांवर ‘शुगर’ हे मुक्त सॉफ्टवेअर होतं. मुलं फोटो काढू लागली, लिहू लागली. पण केरळात जे घडलं ते इथे घडलं नाही. राज्याच्या शाळांची ती व्यवस्था झाली नाही. पेरू देशात याच मोहिमेचा मोठा अभ्यास झाला. 2012 साली आलेल्या निष्कर्षांनुसार गणित आणि भाषेच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नव्हता. यंत्र दिलं, पण शिक्षकाची तयारी आणि अभ्यासक्रमाशी सांगड अपुरी राहिली. ‘मुक्त’ म्हणजे आपोआप शिकवणारं नव्हे. उस्तादाशिवाय इजाजा नसतो.

आपला हिशेब

इतिहास सांगताना आपली बाजूही लपवू नये. ज्या परंपरेने नकलांमधून ज्ञान पसरवलं, तिच्याच उस्मानी राजवटीत इब्राहिम मुतफर्रिकाला तुर्की ग्रंथ छापायची परवानगी मिळायला 1727 साल उजाडलं. युरोपात छपाई सुरू होऊन तोवर पावणेतीनशे वर्षं उलटली होती. कारणांवर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण उशिराची किंमत मोजावी लागली, यात शंका नाही.

आज 2006च्या सच्चर अहवालाचे दाखले आपण प्रत्येक सभेत देतो. जकात आणि देणग्यांतून संगणक खोल्याही बांधतो. पण त्या संगणकांवर काय चालणार, कोणत्या भाषेत चालणार आणि शिकवणार कोण, हे विचारत नाही. साधनं तर समोर आहेत. लिनक्सच्या ‘गनोम’ आणि ‘केडीई’ या पडद्यांचं मराठीकरण स्वयंसेवकांनी केलं आहे. नस्तालिकसाठी ‘नोटो’ आणि ‘अवामी’ हे मुक्त फॉन्ट आहेत. उर्दू मजकूर एका कंपनीच्या फायलीत अडकवून ठेवायची गरज उरलेली नाही. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे छोटे धडे मराठीतही दिले आहेत. ते कुणालाही वापरता येतात.

उणीव आहे ती बसून काम करणाऱ्यांची. गणिताच्या एका शिक्षकाने सातवीच्या भूमितीचे दहा धडे जिओजेब्रात तयार करावेत, दुसऱ्याने त्यांतल्या सूचना उर्दूत कराव्यात, तिसऱ्याने ते पेन ड्राइव्हवर शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला द्यावेत. यात वर्राकाचं काम आहे, मुदर्रिसाचं आहे आणि देणाऱ्याच्या नावे चालू राहणारं ‘सदका-ए-जारिया’ही आहे.

त्या शाळेत मी परत गेलो तेव्हा एका तरुण शिक्षकाने सुट्टीत बसून चार संगणकांवर लिनक्स घातलं होतं. बाकीच्यांचं काम बाकी होतं. दाराला कुलूप नव्हतं. आत एक मुलगी कासवाला षटकोनात फिरवत होती आणि ते दर वेळी शेवटच्या बाजूला चुकत होतं. ‘सर, किती अंश?’ तिने विचारलं. सर म्हणाले, ‘तूच शोध.’