सेमिनरी हिल्सचा मनोरा आणि दूरदर्शनचा ठेवा

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले आणि पुणेकरांच्या घरात चित्र पोहोचले. त्यानंतर बरीच वर्षे मराठी दूरचित्रवाणीचा पल्ला एवढाच होता. नागपूरला आकाशवाणी होती, तीही १६ जुलै १९४८ पासूनची. नाटके, श्रुतिका, कीर्तने विदर्भाने रेडिओवर भरपूर ऐकली. दूरदर्शनवरच्या कार्यक्रमांबद्दल मात्र वर्तमानपत्रात वाचायचे, नाहीतर सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे गेल्यावर ते पाहायचे. दूरदर्शनच्या जुन्या ठेव्याची वाटचाल नागपुरातून लिहायची तर ही गोष्ट आधी नोंदवावी लागते. मुंबई-पुण्याला जे पुन्हा पाहणे आहे, ते इकडे अनेकदा पहिलेच पाहणे असते.

वरळीच्या पहिल्या दशकात माणसांची आणि उत्साहाची वाण नव्हती; वाण होती ती टेपची. विनायक चासकर, याकूब सईद, सुहासिनी मुळगावकर, विजया जोगळेकर-धुमाळे, विनय आपटे, अरुण काकतकर अशा निर्मात्यांनी ‘गजरा’, ‘नाट्यावलोकन’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘शब्दांच्या पलीकडले’ यांसारखे कार्यक्रम उभे केले. त्यांच्यामागे कॅमेरामन, नेपथ्यकार, वेशभूषाकार, प्रकाशयोजना पाहणारे, संकलक होते, ज्यांची नावे श्रेयनामावलीत क्षणभर सरकून जात. अनेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि हवेत विरून जात. जे मुद्रित होत, त्यांचेही आयुष्य बेभरवशाचे असे. चित्रफीत परदेशातून यायची, परकीय चलनाची टंचाई होती आणि एकेक टेप महाग पडायची. तेव्हा कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि तिच्यावर पुढचा कार्यक्रम मुद्रित करायचा, अशी रीतच पडली.

या रिवाजाची सर्वात मोठी किंमत मोजली ती ‘चिमणराव’ने. चिं. वि. जोशींच्या कथांवरची ही कृष्णधवल मालिका १९७७ पासून दाखवली गेली. निर्मिती विजया जोगळेकर-धुमाळे यांची. चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. मराठी दूरचित्रवाणीतली ही पहिली मोठी लोकप्रियता, आणि तरीही तिचे बरेच भाग आज उरलेले नाहीत. याला केवळ सरकारी अनास्था म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या मालिकांचे असंख्य भाग पुसले. ‘डॉक्टर हू’चे नऊ हरवलेले भाग २०१३ मध्ये मिळाले ते थेट नायजेरियात, कारण तिथल्या प्रसारण केंद्राला कधीकाळी प्रती विकल्या होत्या. ‘चिमणराव’च्या बाबतीत असा आधार नव्हता. कार्यक्रम बाहेर विकला जात नव्हता, आणि त्या वर्षांत मुंबईतल्या घरांतही व्हिडिओ रेकॉर्डर जवळजवळ नव्हतेच. म्हणून घरगुती प्रत सापडण्याची आशाही फारशी नाही.

नागपूरपर्यंत चित्र यायला उपग्रहाची वाट पाहावी लागली. १० एप्रिल १९८२ रोजी सोडलेला इन्सॅट-१ए त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निकामी झाला. पुढचा इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस ‘चॅलेंजर’ यानातून अवकाशात गेला आणि टिकला. इन्सॅटच्या ग्रामीण प्रसारणासाठी सहा राज्ये निवडली होती. त्यांत महाराष्ट्र होता, आणि महाराष्ट्राच्या वाट्याचे जिल्हे नागपूरच्या बाजूचे होते. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १९८४ मध्ये देशभर दिवसाला एक या वेगाने लहान प्रक्षेपक उभे राहत होते. सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर नागपूरकरांच्या पत्त्यांत खूण म्हणून येऊ लागला. गच्चीवरचा अँटेना टॉवरच्या दिशेला फिरवणारा एक आणि ‘आलं, आलं, गेलं’ असे खालून ओरडणारा दुसरा, ही जोडी शहरातल्या प्रत्येक मोहल्ल्यात तयार झाली.

यामुळे एक गंमतही झाली. नागपूरच्या दूरदर्शनचे बालपण मराठीत कमी आणि हिंदीत जास्त गेले. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली, २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’, २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’, आणि त्याच वर्षी श्याम बेनेगलांची ५३ भागांची ‘भारत एक खोज’. मुंबईहून येणारे मराठी कार्यक्रम वेळेच्या ठरावीक तुकड्यात बसवलेले असत. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली ‘स्वामी’ मात्र विदर्भाने पाहिली. रणजित देसाईंच्या कादंबरीवरची, गजानन जागीरदारांनी दिग्दर्शित केलेली, माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत मृणाल देव. ‘चिमणराव’ हुकलेल्या पिढीला पेशव्यांनी थोडीफार भरपाई दिली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढच्या सगळ्या प्रवासाची गुरुकिल्ली या काळातल्या एका व्यवहारात आहे. दूरदर्शनवर दोन प्रकारच्या मालिका होत्या. काही केंद्राने स्वतः केलेल्या किंवा पैसे देऊन करवून घेतलेल्या. त्यांचे हक्क दूरदर्शनचे. दुसऱ्या प्रायोजित, निर्माता आपल्या खर्चाने मालिका करी, जाहिरातदार उभा राही, दूरदर्शन वेळ देई आणि हक्क निर्मात्याकडे राहत. ‘भारत एक खोज’ पहिल्या गटातली, ‘रामायण’ दुसऱ्या. म्हणून उंबरगावच्या स्टुडिओत चित्रित झालेले रामानंद सागरांचे ७८ भाग सागर कुटुंबाने सांभाळले, व्हिडिओ कॅसेटवर आणले, परदेशातल्या भारतीय घरांपर्यंत नेले. व्यापारी हेतूने का होईना, निर्मात्यांनी आपल्या टेपा जपल्या, हे मान्य केले पाहिजे. सरकारी कपाटात जे पुसले गेले असते, ते खासगी गोदामात वाचले. उलट उदाहरणेही आहेत: निर्माता गेला, कंपनी बंद पडली आणि टेपा कुणाकडे आहेत हेच कुणाला सांगता येईना.

घरगुती व्हिडिओची लाट नागपुरात सीताबर्डी, सदर, धरमपेठच्या कॅसेट लायब्ररींतून आली. दिवसाच्या भाड्याने कॅसेट मिळे, आणि लग्नसराईत व्हीसीआरही. नव्वदच्या दशकात केबल आली, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. मराठी नाटकांच्या व्हीसीडी मोठ्या प्रमाणावर खपल्या. जुन्या मालिका त्यांच्या मागून, संकोचत आल्या. कारण उघड होते: दोन तासांचे नाटक दोन-तीन तबकड्यांत मावते, शंभर भागांच्या मालिकेला अख्खी पेटी लागते, आणि पेटीची किंमत मध्यमवर्गीय घराला परवडत नाही. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा हे गणित बदलले. तोही डाव फार चालला नाही. तबकडीचा धंदा इंटरनेटने खाल्ला आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली.

दरम्यान संस्थेतही घडामोडी होत होत्या. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू झाली. पुढे २००० मध्ये तिचे नाव ‘सह्याद्री’ झाले. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीला मुंबईची मराठी निर्मिती अखेर पूर्ण वेळ मिळू लागली. २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती अस्तित्वात आली आणि आकाशवाणी-दूरदर्शन तिच्या छत्राखाली गेले. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात जुन्या ध्वनिचित्रफितींच्या अंकीकरणाचे काम दिल्लीसह मोठ्या केंद्रांवर शिस्तीने हाती घेतले गेले.

हे काम बाहेरून दिसत नाही आणि म्हणून त्याचे श्रेयही कुणाला मिळत नाही. एक इंची स्पूल, पाऊण इंची यू-मॅटिक कॅसेट, बीटाकॅम, मग डिजिटल टेप: दर दहा-बारा वर्षांनी माध्यम बदलले आणि प्रत्येक माध्यमाला आपले वेगळे यंत्र लागते. यंत्र बंद पडले की सुटे भाग मिळत नाहीत. एका बिघडलेल्या यंत्रातून दुसरे दुरुस्त करावे लागते. टेपच्या पट्टीवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्याने धरलेला असतो ते हवेतला ओलावा शोषते, आणि मग टेप यंत्राच्या हेडला चिकटून थर खरवडला जातो. अशी टेप सुमारे ५० अंशांवर काही तास शेकून कोरडी करायची आणि ती पुन्हा बिघडण्याआधी तिची नक्कल उतरवून घ्यायची. मुंबईच्या दमट हवेत बुरशीची भर. डब्यावरची चिठ्ठी निघून गेली असेल तर आत काय आहे हे पूर्ण टेप पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ती पाहणारा जुना कर्मचारी निवृत्त झालेला असेल तर पडद्यावरचा नट ओळखायलाही कुणी नसतो. अशा वेळी निवृत्त निर्मात्यांना, कलावंतांना, कधी त्यांच्या घरच्यांना बोलावून नोंदी पुऱ्या करणे हाच उपाय असतो.

चित्र वाचले तरी ते आजच्या पडद्यावर कसे बसवायचे हा प्रश्न उरतो. जुने चित्र ५७६ ओळींचे, जवळजवळ चौकोनी. रुंद पडद्यावर ते दोन्ही बाजूंना काळी पट्टी ठेवून दाखवावे, की वरून-खालून कापून पडदा भरावा? खासगी कंपन्यांनी अनेकदा कापण्याचा मार्ग धरला आणि नटांची डोकी उडाली. काळी पट्टी दिसायला गरीब असली तरी दिग्दर्शकाने बांधलेली चौकट तीत शाबूत राहते. जुन्या मालिकांना तीच शोभते.

या साऱ्या मेहनतीची कसोटी २०२० मध्ये लागली. टाळेबंदीत २८ मार्चपासून ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवायला सुरुवात झाली. ‘रामायण’साठी सागर कुटुंबाची साथ मिळवावी लागली, कारण हक्क त्यांचे. १३ एप्रिलला केवळ जुन्या कार्यक्रमांसाठी ‘डीडी रेट्रो’ ही वाहिनी निघाली. १६ एप्रिलच्या ‘रामायणा’च्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचे आणि तो जागतिक विक्रम असल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. विक्रमाच्या दाव्यावर पुढे शंका घेतल्या गेल्या. इतक्या मोठ्या संख्येने घरे त्या वेळी दूरदर्शन लावून बसली होती, यावर मात्र दुमत नव्हते. डिसेंबर २००४ पासून चालत आलेल्या, महिन्याचे भाडे नसलेल्या दूरदर्शनच्या डीटीएच सेवेने विदर्भातल्या खेड्यांत ही पुनर्भेट घडवली, हेही नोंदले पाहिजे. दुसरीकडे घरावरच्या अँटेनाचा काळ सरत होता. २०२२ पर्यंत देशातले बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले.

पुढची पायरी मोबाइलची. यूट्यूबवर प्रसार भारतीच्या अभिलेखागाराचे आणि सह्याद्रीचे कार्यक्रम टप्प्याटप्प्याने येत राहिले. २० नोव्हेंबर २०२४ रोजी पणजीत, इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाच्या वेळी, ‘वेव्ह्ज’ हे प्रसार भारतीचे स्वतःचे ओटीटी सुरू झाले. मराठीसह बारांहून अधिक भाषा, थेट वाहिन्या आणि जुन्या मालिका एकाच ठिकाणी. एकेकाळी सिंहगडापलीकडे न जाणारे कृष्णधवल चित्र आता काटोलच्या बसथांब्यावर उघडता येते. प्रभावळकर-कर्व्यांची जोडी तिथे पहिल्यांदा पाहणाऱ्या विशीतल्या मुलाला आपण काही जुने पाहतो आहोत असे वाटायचेही कारण नसते.

काम संपलेले नाही. प्रायोजित मालिकांच्या बाबतीत वारसांशी करार करावे लागतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने लेखक-संगीतकारांना स्वामित्वधनाचा हक्क दिला, तो पाळूनच जुनी गाणी, जुनी शीर्षकगीते पुढे न्यावी लागतात. त्याने वेळ जातो, पण ज्यांच्या नावावर ही पुंजी उभी आहे त्यांना डावलून ती विकणे अधिक वाईट ठरले असते.

आणखी एक साठा अजून बाहेरच आहे. १९८५ नंतर ज्यांच्याकडे व्हीसीआर आला अशा घरांनी आवडत्या मालिका टीव्हीवरून थेट कॅसेटवर उतरवल्या, मधल्या जाहिराती आणि निवेदिकेच्या घोषणांसकट. निर्मात्याकडची प्रत हरवली असेल तिथे अशी घरगुती कॅसेट उपयोगी पडू शकते. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने उत्पादन थांबवले ते २०१६ मध्ये, तेव्हा चालू यंत्रे दरवर्षी कमी होत जाणार. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि माळ्यावरची उष्णता त्याहून जास्त असते. अशा कॅसेटी कुणाकडे असतील तर त्या आधी खाली आणून थंड, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, आणि जुने यंत्र साफ केल्याशिवाय त्यात घालू नयेत.