शस्त्र, ताल आणि रंगभूमी : महाराष्ट्रातील अंगशिक्षणाचे एक स्थित्यंतर

पेण आणि रोहे यांच्या दरम्यान, अंबा नदीच्या खाडीच्या शिरोभागी वसलेल्या नागोठण्यास एक जुना दगडी पूल आहे. चौलच्या काजी अल्लाउद्दीनाने तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविला, असे परंपरा सांगते. त्याच शतकात, १५७०-७१ मध्ये, निजामशाही फौजेने पोर्तुगीजांच्या चौलास वेढा घातला होता. पुढे कोकणच्या हेटकरी पायदळाने आणि आंग्र्यांच्या आरमाराने या किनाऱ्यावर नाव मिळविले. सारांश, या मुलखात शस्त्र चालविणे हा कित्येक पिढ्या उपजीविकेचा व्यवसाय होता. आज त्याच मुलखात तालबद्ध अंगचालना पाहावयाची तर ती शिमग्याच्या पालखीपुढे किंवा गौरी-गणपतीच्या जाखडी नाचात पाहावी लागते. या दोहोंत काही संबंध आहे काय? लोकनृत्याच्या प्रत्येक पदन्यासात लुप्त युद्धकलेचा अवशेष पाहण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत आढळते. ती कोठवर ग्राह्य मानावी, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

ज्याचा पुरावा निःसंदिग्ध आहे असे उदाहरण प्रथम घेणे इष्ट होय. ते लेझीमचे. हा शब्द फार्सी असून त्याचा मूळ अर्थ सरावाची कमान असा आहे. प्रत्यंचेच्या जागी लोखंडी साखळी लावलेली ही जड कमान ओढून तिरंदाज आपले खांदे, दंड व छाती बळकट करीत. तिने बाण सुटत नसे. ती केवळ अंग कमावण्याचे साधन होती. धनुष्य रणांगणातून गेले, तरी लेझीम आखाड्यात राहिली. पुढे कमान हलकी झाली आणि लाकडी दांडा, आखूड साखळी व तीत ओवलेल्या चकत्या असे तिचे नवे रूप रूढ झाले. ज्या झंकाराचे धनुर्धरास काहीच प्रयोजन नव्हते, तोच आता तिचा प्राण ठरला. हलगी किंवा ढोल-ताशाच्या ठेक्यावर शेकडो माणसे एकाच वेळी वाकतात, वळतात आणि पावले टाकतात. येथे शस्त्रशिक्षणापासून नृत्यापर्यंतचा प्रवास एकाच वस्तूच्या घडणीत वाचता येतो.

दुसरे उदाहरण दांडपट्ट्याचे. त्यात प्रवास नव्हे, तर यंत्रणा दिसते. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी आवरणात असते. त्यामुळे मनगट मोकळे राहत नाही. तलवार चालविणारा मनगटाने जे साधतो, ते पट्टेकऱ्यास खांद्याने, कमरेने आणि पावलांनी साधावे लागते. पात्याची गती अखंड ठेवावयाची तर सर्व शरीर फिरतेच ठेवले पाहिजे. म्हणून पट्ट्याचे हात शिकविण्यापूर्वी उस्ताद पवित्रे घोटून घेतो. कोल्हापूरकडील मर्दानी खेळांत लाठी, फरीगदगा व पट्टा यांसाठी हा पायाचा अभ्यास आजही अगोदर होतो. पाहणाऱ्यास पट्टेकरी नाचत आहे असे वाटते. वस्तुतः ते गिरकीचे सौंदर्य शस्त्राच्या रचनेतूनच उद्भवलेले आहे. तेव्हा नृत्यसदृश दिसणारी प्रत्येक हालचाल नृत्यातून आली असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच प्रत्येक गिरकी युद्धातून आली असे म्हणणेही चुकीचे होय.

राज्य गेल्यानंतर या शिक्षणास आश्रय कोणता उरला? १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८४० च्या सुमारास आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र बाळगण्यावर व्यापक निर्बंध आले. अशा स्थितीत आखाडा आणि उत्सव हेच दोन आश्रय उरले. १८९४ पासून पुण्याच्या गणेशोत्सवात जे मेळे निघाले, त्यांत मुले एका पोशाखात, तालावर पावले टाकीत, पदे म्हणत जात. काही मेळ्यांतून लाठीचे हातही शिकविले जात. चापेकर बंधूंच्या मंडळींचा व्यायाम व कवायतीचा उद्योग याच काळातला. १८९७ मध्ये रँडचा वध झाल्यावर सरकारचे लक्ष अशा संघांकडे वळले आणि १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालानेही त्यांची नोंद घेतली. तालावरची पावले निरुपद्रवी आहेत, असे राज्यकर्त्यांस वाटले नव्हते.

याच काळात बडोद्यास प्रो. माणिकराव यांनी देशी आज्ञाशब्दांवर चालणारा सांघिक व्यायाम रूढ केला. १९१४ मध्ये अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षापासून बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांच्या संपादकत्वाखाली 'व्यायाम ज्ञानकोश' प्रसिद्ध होऊ लागला आणि १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड पुरे झाले. उस्तादाच्या देहात साठविलेली विद्या अशा रीतीने कागदावर आली. परंतु कागदावर आणि सांघिक कवायतीत उतरताना तिच्यातून एक गोष्ट गळाली : प्रतिस्पर्धी. कुस्तीत किंवा फरीगदग्यात समोरचा पुढे काय करील हे ठाऊक नसते. लेझीमच्या रांगेत शेजारी काय करील हे अगोदरच ठाऊक असते.

रंगभूमीवर हा भेद आणखी तीव्र होतो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीस सुरू केलेल्या पौराणिक नाटकांत राक्षसपार्टीच्या आरोळ्या, तलवारींचा खणखणाट आणि राळेचे भडके हे प्रेक्षकांचे मोठे आकर्षण होते. त्यांतील तालावरूनच या नाटकांस 'तागडथोम' असे उपहासाचे नाव पडले. १८८० च्या संगीत शाकुंतलानंतर नागर रंगभूमीवर गायनास प्राधान्य आले आणि युद्धनृत्य मागे पडले. दक्षिण कोकणातील दशावतारात मात्र ते टिकले. तेथे मृदंग आणि झांजेच्या वाढत्या लयीवर देव व दानव लाकडी तलवारी घेऊन गिरक्या घेतात. संवादांप्रमाणे हे युद्धही लिहिलेले नसते. ज्येष्ठ नटांसोबत उभे राहूनच ते शिकले जाते. येथे समोरचा नट वैरी नसून सहकारी असतो. वार लागू नये, पण लागला असे दिसावे, हे या विद्येचे सूत्र आहे. योद्धा आपला हेतू लपवितो. नटाला तो प्रेक्षकांस आणि सहनटास आधीच कळवावा लागतो. दोघांचे पवित्रे सारखे दिसले तरी शिक्षणाची दिशा परस्परविरुद्ध आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, परंपरेचे नाते ठरविताना केवळ बाह्य साम्य प्रमाण मानता येणार नाही. साधनाची घडण, शिकविण्याचा क्रम आणि समोर उभा राहणारा कोण, या तिन्हींची तपासणी झाली पाहिजे. या कसोटीस लेझीम उतरते; दशावताराचे युद्ध ही स्वतंत्र नाट्यविद्या ठरते. कोकणातील जाखडीस युद्धकलेचा अवशेष म्हणण्यास या तिन्हींपैकी एकाचाही आधार दाखविता येत नाही, आणि त्यामुळे तिला कमीपणाही येत नाही. नागोठण्याच्या पुलावरून गेलेल्या शिपायांचे वारस तिच्या फेरात असतीलही. पण रक्ताचे वारस आणि विद्येचे वारस या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतिहासकाराने विसरू नये.