कुत्र्या-मांजरांचा सर्जन कसा घडतो? आणि तुमचा मोबाईल त्याला कशी मदत करतो?

कुत्रा लंगडतोय म्हणून मोबाईलवर उपाय शोधताय? त्याआधी त्याचं ऑपरेशन करणारा सर्जन कसा घडतो, ते थोडक्यात सांगतो.

बारावी सायन्सनंतर नीट द्यायची. मग बी.व्ही.एस्सी.ची साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. पुढे शल्यचिकित्सेत एम.व्ही.एस्सी. म्हणजे आणखी दोन वर्षं, त्यात स्वतःचं संशोधन आणि प्रबंध. मुंबईत परळचं कॉलेज १८८६ पासून आहे. बुलढाणेकरांना जवळ पडते ती अकोल्याची पदव्युत्तर संस्था.

एवढं शिकावं लागतं, कारण माणसांचे नियम प्राण्यांना लागू पडत नाहीत. पॅरासिटामॉलच घ्या. मांजराच्या यकृताला ती झेपत नाही, एक गोळीही जीव घेऊ शकते. म्हणून मनाने औषध देऊ नका.

मग मोबाईल कशाला? कुत्रा सपाट जागेवर चालताना बाजूने आणि समोरून स्लो-मोशन व्हिडिओ काढा. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा बऱ्याचदा लंगडणं लपवतो. तुमच्या व्हिडिओत ते डॉक्टरांना दिसतं. पाय मोडल्यासारखा वाटला तर मात्र चालवू नका, थेट दवाखाना गाठा.