बीज, भुई आणि स्तनकर्करोगाचा प्रसार

तेरेखोलहून फेरीबोटीने केरीला उतरून बांबोळीचे किंवा मुंबईचे रुग्णालय गाठणाऱ्या स्त्रीला एक प्रश्न हमखास छळतो : स्तनातली गाठ काढली, तरी रोग हाडांत कसा पोचतो?

पहिले समर्पक उत्तर इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये दिले. स्तनकर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. यकृतात २४१ जणींना गाठी होत्या, प्लीहेत अवघ्या १७ जणींना. रक्त तर दोन्हीकडे जाते. म्हणजे बियाण्याइतकीच भुईही निर्णायक. पेडण्याच्या खाजनात कोरगूट भात पिकवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

ही भुई म्हणजे अर्बुदाचा सूक्ष्मपरिसर. तंतुपेशी, रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी आणि कोलॅजनचे जाळे यांनी तो बनतो. कर्कपेशी या शेजाऱ्यांना वश करतात. तंतुपेशी कोलॅजन घट्ट विणतात आणि त्याच तंतूंच्या वाटेने कर्कपेशी बाहेर सरकतात. जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी तर त्यांना रक्तवाहिनीत शिरायला चक्क मदत करतात. रक्षकच फितूर व्हावा तसे. हाडात पोचलेल्या कर्कपेशी हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेतवतात. विरघळत्या हाडातून वाढीला पोषक द्रव्ये सुटतात, त्यांवर गाठ पोसते आणि हाड आणखी झिजते. हाडांची झीज रोखणारी औषधे अशा रुग्णांना देतात, ती हे चक्र मंदावण्यासाठी.

परिसरावरच उपाय करण्याचा एक प्रयोग आपल्या शेजारी झाला. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचले. हे बधिरतेचे नित्याचे, स्वस्त औषध. कापताना चेतलेल्या कर्कपेशींची हालचाल त्याने रोखली जाते, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सुमारे १,६०० स्त्रिया होत्या. पाच वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. एका इंजेक्शनच्या मानाने हा फरक लहान म्हणता येणार नाही.

मात्र या सर्व स्त्रियांचा रोग प्राथमिक अवस्थेतला होता आणि त्यांच्यावर थेट शस्त्रक्रिया झाली. आधी केमोथेरपी घ्यावी लागणाऱ्या रुग्णांना हे आकडे लागू करता येत नाहीत.